डिमरवर एलईडी : सात महिन्यांनंतर

चवथीच्या आदल्या संध्याकाळी माटोळी (गणपतीवरची फळाफुलांची चौकट) बांधून झाली, सालातलं, म्हणजे दिवाणखान्यातलं, झुंबर लावलं आणि ते लुकलुकायला लागलं. काका म्हणाले, "गणपतीला डिस्को कशाला रे?"

श्रावणातच फोंड्याच्या बाजारातून या झुंबरासाठी ५ वॅटचे पाच एलईडी आणले होते. झुंबर डिमरवर, म्हणजे उजेड कमीजास्त करायच्या बटणावर. दुकानदाराशी वाजलं. "डिमरवर लावलेत? मग वॉरंटी नाही." खोक्यामागे मुंगीएवढ्या अक्षरांत तसं छापलेलंही होतं. त्याला घातलेल्या शिव्यांपैकी निम्म्या आता मागे घेतो.

दिवाळीनंतर अडीचपट पैसे मोजून डिमेबल, म्हणजे डिमरवर चालणारे, एलईडी आणले. पूर्ण उजेडात झकास, डिमर खाली आणला की पुन्हा तेच, वर डासासारखी गुणगुण. शेवटी वायरमनने डिमरची पट्टी उघडली. आत लिहिलेलं: ६० ते ४०० वॅट. पूर्वी पाच पिवळे बल्ब, ४० वॅटचा एकेक, म्हणजे २०० वॅट. आता सगळे मिळून २५. डिमर विजेच्या प्रत्येक लाटेचा तुकडा कापून उजेड कमी करतो, पण एवढ्याशा लोडवर तो धड चालतच नाही. "एक जुना बल्ब परत लावा," वायरमन म्हणाला. मला ती थट्टा वाटली. माळ्यावरचा ४० वॅटचा काढला, धूळ पुसली, मधल्या होल्डरला लावला. ४० अधिक २०, बरोबर ६०. लुकलुक बंद, गुणगुण बंद.

बाकी घरातल्या एलईडींची तक्रार नाही. रंग मात्र बघून घ्या: ६५०० केल्विनचा पांढरा सालात लावला तर दवाखाना वाटतो, ३००० चा पिवळसर ठीक. बल्कांवातल्या (पुढच्या ओसरीतल्या) बंद काचेच्या गोळ्यात दोन बल्ब गेले, आत उष्णता कोंडते म्हणून. आता गोळा काढलाय. पाखरं येतात, येऊ देत.

पण तो मधला बल्ब! पूर्ण उजेडावर एकटा चार एलईडींच्या दुप्पट वीज खातो, आणि मी रोज जेवताना त्याच्याकडेच बघत बसतो. लाल, ऊबदार, निर्लज्ज. बायको म्हणते, एलईडीचा नवा डिमर आण. त्याच्या किमतीत हा किती महिने जळेल, तो हिशेब मी दोनदा केलाय. ठरवलंय, हा उडाला की डिमर काढून साधं बटण बसवायचं. पण मंद चालवलेल्या फिलामेंटला मरण लवकर येत नाही. चार महिने झाले, हूं की चूं नाही.