पालकांनी मिळून चालवलेली बालवाडी: आठ महिन्यांचा अनुभव

जूनमध्ये लेकीला घातलं, आता फेब्रुवारी संपत आला. कोल्हापुरात राजारामपुरीत एका बंगल्याचा खालचा मजला, सुरुवातीला १८ पोरं, दोन पगारी ताई, बाकी सगळं पालकांच्या अंगावर म्हणजे झाडलोट, खाऊ, हिशोब, आठवड्याला एक पाळी. आधीच्या प्लेग्रुपमध्ये तीन वर्षाच्या पोरीला होमवर्क होता म्हणून वैतागून काढलं होतं.

पहिल्या सभेत एका ताईंनी सांगितलं की इटलीत रेजिओ एमिलियाजवळच्या खेड्यात १९४५ साली युद्ध संपल्यावर लोकांनी जर्मनांनी टाकून दिलेला रणगाडा, ट्रक आणि घोडे विकून स्वतः बालशाळा बांधायला घेतली, आणि मालागुझी नावाचा शिक्षक सायकल मारत बघायला गेला तो तिथलाच झाला. आणि त्याच साली आपल्याकडं डहाणूजवळच्या बोर्डीत ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बालवाडी काढत होत्या, पोरं येईनात तर वर्गच त्यांच्या अंगणात नेला. मला वाटलं रणगाडा विकणं सोपं असेल, पालकांची सभा आवरणं अवघड. दूध संस्थेच्या सभा बघत वाढलोय, तरी सांगतो, इथली भांडणं जास्त चालतात.

सगळ्यात मोठं भांडण लिहायला कधी शिकवायचं यावर. २०२० च्या राष्ट्रीय धोरणात ३ ते ८ वयाला खेळातून, कृतीतून शिकवा म्हटलंय, ते वाचून दाखवलं तरी काही जण ऐकेनात. शेवटी मतदान, खेळाच्या बाजूनं ११, विरुद्ध ७. जानेवारीत त्या सातातली दोन घरं पोरं काढून घेऊन गेली. मला ते अजून खटकतं कारण त्यांचं सगळंच चुकीचं नव्हतं.

पोरांचंपण मतदान असतं, मातीत खेळायचं का पाण्यात, वाटीत चिंचोका टाकायचा. लेकीनं एकदा मूठभर टाकले, पकडल्यावर म्हणाली मला जास्त पाहिजे होतं 😄 नंतर चिंचोके मोजायची ड्युटी तिलाच दिली, आता कुणाला दुसरा टाकू देत नाही.

आता खरं दुखणं. पाळीच्या वहीत बघितलं तर बहुतेक नावं आयांची, सभेत बोलायला मात्र आम्ही बाप्ये. मीपण पहिले तीन महिने बायकोलाच पाठवलं आणि मत द्यायला स्वतः गेलो, तिनंच एकदा वही समोर आपटली. नंतर दर गुरुवारी अर्धा दिवस दुकान बंद ठेवून जातो. नोकरी फिक्स टायमिंगची असेल, घरात आजी-आजोबा नसतील, तर जमणं कठीण आहे बघा. फी कमी आहे पण पाळी चुकली की दंड आहे, तो मी दोनदा भरलाय.