एनव्हीडीए स्क्रीन रीडर: साडेचार स्टार, कापलेला अर्धा आवाजासाठी

काचबिंदूने नजर गेली तेव्हापासून माझा लॅपटॉप ह्याच्यावरच चालतो. हिशोबाची कामं, मेल, बँक, सगळं. तरी अजून लोक विचारतात, ‘तुम्ही कॉम्प्युटर कसा काय वापरता हो?’ म्हणून म्हटलं एकदा लिहूनच टाकावं.

स्क्रीनवरचं सगळं हे बोलून दाखवतं, माउसला हात लावायची गरज नाही. एच दाबलं की पुढचं हेडिंग, बी दाबलं की पुढचं बटण, इन्सर्ट आणि एफ७ दाबलं की पानावरच्या सगळ्या लिंकची यादीच समोर. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन ह्यांनी सुरू केलं, ते स्वतः दृष्टिहीन आहेत, त्यामुळे आपल्याला कुठे अडतं ते ह्यांना सांगावं लागत नाही. आणि फुकट आहे! पेनड्राइव्हवर टाकून दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर इन्स्टॉल न करता पण चालतं, फक्त विंडोज पाहिजे.

सोबत येणारा ईस्पीकचा (मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर) मराठी आवाज मात्र सर्दी झालेल्या रोबोसारखा आहे, सुरुवातीला डोकं उठतं. पण कान सरावले की स्पीड वाढवत न्या, फास्ट ऐकायला हाच बरा पडतो. आता माझा स्पीड असा आहे की शेजारच्या काकू म्हणतात हे काय मंत्र चाललेत.

खरा वैताग एनव्हीडीएचा नाहीच, साइटवाल्यांचा आहे. लक्ष्मी रोडवरच्या एका साडीच्या दुकानाची साइट उघडली, तर ऐकू काय येतं? ‘लिंक ग्राफिक आयएमजी चार शून्य दोन तीन.’ मग ‘बटण. बटण. बटण.’ अहो कसलं बटण? कार्टमध्ये टाकायचं का काढून टाकायचं? आणि ती आयएमजी म्हणजे फोटोच्या फाइलचं नाव, पण साडी कुठली? फोटोला जोडून ‘मोरपंखी पैठणी, लाल काठ’ एवढं वर्णन लिहायला कितीसा वेळ लागतो, आम्हाला रंग दिसत नाही म्हणून रंगाची आवड पण गेली असं थोडीच असतं. फोन केला तर म्हणे ‘घरात कोणी दिसणारं नाही का?’ पुण्यातली दुकानं निदान एक ते चारच बंद असतात, ही साइट आमच्यासाठी चोवीस तास बंद.

मराठी पीडीएफचं तर विचारूच नका. स्कॅन करून टाकलेली असेल तर तो नुसता फोटो, म्हणजे आमच्यासाठी पान कोरं, आणि युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमधली असेल तर इंग्रजी अक्षरांची नुसती खिचडी वाचतं. मजकूरच नाही तर एनव्हीडीए तरी काय वाचणार बिचारं.

दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे, एप्रिल २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने पण सांगितलं की डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. साइट बनवणाऱ्या हिंजवडी-बाणेरच्या मंडळींनी एवढंच करावं, एनव्हीडीए डाउनलोड करा, मॉनिटर बंद करा, माउस काढा आणि आपल्याच साइटवरून एक ऑर्डर देऊन दाखवा.

डाउनलोड करताना देणगीचं विचारतं. ते स्किप केलं तरी चालतं, पण ज्यांचा पगार बरा आहे त्यांनी स्किप करू नका.