गल्ल्यावरचा बोलका डबा: घ्या, पण भाड्याचं आधी विचारा

इंदूरच्या रामबागेत आमचं फराळाचं दुकान आहे. गल्ल्यावर सासूबाई बसतात, मी आत कढईपाशी. यूपीआयचे पैसे जमा झाले की रक्कम मोठ्याने सांगणारा साउंडबॉक्स आम्ही घेतला, त्याबद्दल लिहिते आहे. कंपनीचं नाव देत नाही, सगळ्यांचे डबे थोड्याफार फरकाने सारखेच.

यूपीआय 2016 साली आलं. आमच्याही काउंटरवर क्यूआर कोड चिकटला आणि त्याच्या मागोमाग एक नवीनच ताप सुरू झाला. संध्याकाळच्या गर्दीत गिऱ्हाईक मोबाइल उंच धरतं, हिरवी खूण दिसते, "आंटी, हो गया" म्हणतं आणि पिशवी उचलतं. ती खूण खरी की नकली ॲपची, हे कळायला नाव, रक्कम, वेळ वाचायला हवी. सासूबाईंना वाचता येतं, पण त्यांना भीड पडते. वर्षानुवर्षं चकली नेणाऱ्याला "थांबा, बघू द्या" म्हटलं तर त्याच्या तोंडावर संशय घेतल्यासारखं होतं. म्हणून त्या मान डोलवायच्या.

वर्तनशास्त्रातली मला सगळ्यात पटलेली गोष्ट हीच आहे: माणूस दर वेळी अज्ञानामुळे चुकत नाही. घाई, गर्दी, संकोच, यांनीही चुकतो. रिचर्ड थेलर यांना 2017 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते अशाच कामासाठी. उपदेशापेक्षा भोवतालची मांडणी बदला, म्हणजे योग्य गोष्ट करणं आपोआप सोपं होतं, असं त्यांचं म्हणणं. डब्याने नेमकं तेच केलं. आता गिऱ्हाइकाला सासूबाई थांबवत नाहीत, डबा थांबवतो. तो "एकशे ऐंशी रुपये" म्हणाला की दोघंही मोकळी. ऐकू आलं नाही तर एक बटण दाबून मागची रक्कम पुन्हा ऐकता येते. भाषा निवडता येते, आम्ही मराठी ठेवली. सासूबाईंना स्मार्टफोनला हात न लावता अख्खा व्यवहार सांभाळता येतो, याचा मला फार आनंद आहे.

पण एक खोट आहे आणि ती मोठी आहे. पैसे आले की डबा बोलतो, आले नाहीत की गप्प बसतो. चार गिऱ्हाइकांच्या गलबल्यात तो गप्प राहिला, हे लक्षात कोणाच्या येणार? जानेवारी 2025 मध्ये आपल्याच मध्यप्रदेशात, खजुराहोला, चोरट्यांनी रात्रीतून दुकानांचे क्यूआर कोड बदलून स्वतःचे लावले होते. असं झालं तर डब्याचं गप्प राहणं हीच पहिली खूण. म्हणून आम्ही एक रीत ठरवली. बांधलेला पुडा गल्ल्याच्या आतल्या बाजूला राहील, डबा बोलला की मगच पुढे सरकेल. लक्ष ठेवायचं ओझं राहत नाही, हात आपोआप थांबतो. नवीन मुलालाही हे एकदाच सांगावं लागलं.

आता राग. डबा बसवताना एजंट "फुकट आहे" म्हणाला. मग जमा रकमेतून दरमहा भाडं गुपचूप कापलं जाऊ लागलं. चालू करायला एक सही पुरली, बंद करायचं म्हटलं तर फोनवर फोन. माणूस कंटाळून सोडून देतो, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. म्हणजे शास्त्र तेच, वापर उलटा. ग्राहकांसाठी केंद्र सरकारच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी अशा 13 क्लृप्त्यांवर बंदीची नियमावली काढली. वर्गणीत अडकवून ठेवणं त्यात आहे. छोट्या दुकानदारालाही तोच न्याय मिळायला हवा.

बाकी बॅटरी चांगली चालते. आवाज जरा कमी ठेवा, शेजारच्या दुकानालाही आपला गल्ला ऐकू जातो.

गल्ल्यावर वयस्कर माणूस असेल तर डबा जरूर घ्या. फक्त भाडं किती, कशातून कापणार आणि डबा परत करायचा झाल्यास कोणाला सांगायचं, हे एजंटाकडून आधी व्हॉट्सॲपवर लिहून घ्या.