गवताचं छप्पर की प्लास्टिकचं गवत: विदर्भाच्या उन्हापावसात कोण किती टिकतं?

चिमूरहून कोलारा गेटकडे जाताना रस्त्याच्या कडेला दोन तऱ्हेची छपरं दिसतात. दुरून दोन्ही सारखीच वाटतात. जवळ जाऊन हात लावला की कळतं, एक काशाच्या गवताचं आहे आणि दुसरं प्लास्टिकचं. वावरातली छपरी असो, होमस्टेची खोली असो की ढाब्याचा मांडव, यातलं कोणतं घालायचं हा प्रश्न आता येतोच. आमच्या गावातल्या तिघाचौघांनी तो मला विचारला आहे आणि प्रत्येकाला मी आधी उलट एकच प्रश्न केला: दरवर्षी वैशाखात या छपरावर चढणार कोण?

गवताच्या छपराचं आयुष्य त्या माणसावर आणि छपराच्या उतारावर ठरतं. माल त्यानंतर येतो.

खऱ्या गवताचा हिशोब

माल अगदीच गौण नाही हेही खरं. धानाचं तणस मऊ असतं, पाणी धरून ठेवतं. ते एखाद-दोन पानकळे (पावसाळे) काढतं, मग काळं पडून बसतं. काशासारखं कडक काडीचं गवत आपल्याकडच्या नेहमीच्या पातळ थरात तीन ते पाच वर्षं जातं. इंग्लंड-हॉलंडात पाणवेताची छपरं २५ ते ४० वर्षं टिकतात, पण तिथे थर जवळजवळ एक फूट जाड असतो आणि उतार निदान ४५ अंशांचा. आपला पाऊस वेगळा आहे. गडचिरोली-भंडाऱ्याकडे तो चार महिन्यांत कोसळतो, बुलढाण्याकडे बराच कमी पडतो. तत्त्व मात्र दोन्हीकडे तेच. पाणी वरच्या दोन बोटांच्या थरातच राहायला हवं आणि काडीवरून काडीवर घसरत वळचणीला गेलं पाहिजे. उतार कमी झाला की ते आत मुरतं.

म्हणून आकडा लक्षात ठेवा. १२ फूट रुंदीची छपरी असेल तर मयाल, म्हणजे छपराच्या शेंड्याचं आडवं लाकूड, वळचणीच्या पातळीपेक्षा ६ फूट वर हवी. म्हणजे एका बाजूचा फाटा (मयालीपासून वळचणीपर्यंतचा तिरपा बांबू) साधारण साडेआठ फूट आणि वळचणीसाठी तो उतारावर आणखी दोन फूट लांब ठेवला तर साडेदहा. बांबू वाचावा म्हणून मयाल साडेतीन फुटांवर ठेवली की उतार ३० अंशांचा होतो. असं छप्पर मी दुसऱ्याच वर्षी गळताना पाहिलं आहे.

आमच्या वावरातल्या गुरांच्या कोठ्याचं छप्पर ४५ अंशांचं आहे. त्यावर आठ बोटं जाड काशा घातला होता. पाचव्या वर्षी मी वर चढून मुठीत मावतील एवढ्या काड्या उपसून पाहिल्या. बाहेरची दोन बोटं काळी, भुसभुशीत, चिमटीत चुरा होणारी. तिथून खाली मात्र काडी नवी असल्यासारखी पिवळीधमक, वाकवली तर कटकन मोडणारी. सगळं छप्पर उतरवायची गरजच नव्हती. पश्चिमेच्या पाख्यावर, जिथे पाऊस झोडपतो, तिथे वरून एक थर चढवला, मयालीवरचं गवत बदललं आणि काम झालं. दोन माणसं, दोन दिवस.

खऱ्या गवताची सगळ्यात मोठी जमेची बाजू हीच आहे. ते तुकड्यातुकड्यानं दुरुस्त होतं. पण ती दुरुस्ती दरवर्षी मृगाच्या आधी झालीच पाहिजे. एक वर्ष चुकलं तर पुढच्या वर्षी दुप्पट काम निघतं.

शत्रू बरेच आहेत. उधई (वाळवी) खांबातून चढते, म्हणून खांबाचा बुंधा जाळून किंवा डांबर लावून गाडतात. बांबूला भुंगा लागतो. पावसाळा संपल्यावर, हिवाळ्यात तोडलेला आणि काही आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवलेला बांबू त्याला पुरून उरतो. वानरांचा त्रास तर विदर्भात सांगायलाच नको. त्यांच्यापायी लोकांनी कवेलूची (कौलांची) छपरं मोडून टिनं घातली. गवतावर ते उड्या मारतात तिथे भोक पडतं, आणि ते त्याच दिवशी बुजवलं नाही तर पहिल्या पावसात खाली डबकं. आणखी एक गोष्ट फारशी कुणी बोलत नाही. पूर्वी खाली चूल पेटायची, धूर गवतातून झिरपायचा आणि किडे दूर राहायचे. गॅस आला, धूर गेला, आणि जुनी छपरं लवकर पोखरली जायला लागली.

अडचण आहे ती मालाची आणि हाताची. हार्वेस्टरनं कापलेल्या धानाचं तणस तुकडे तुकडे होऊन पडतं, छपराला लागते तशी लांब पेंडी त्याची बांधताच येत नाही. पडीक जमिनी सोयाबीन-कपाशीखाली गेल्या, काशा आता नाल्याकाठी उरला. आणि नीट पेंडी बांधून शाकारणारे हात म्हातारे झाले आहेत. ही कला आपण डोळ्यांदेखत गमावतो आहोत याचं मला खरंच वाईट वाटतं.

प्लास्टिकचं गवत

हे बहुतेक पॉलिथिलीनच्या पट्ट्यांचं असतं. विक्रेते १५ ते २० वर्षं सांगतात. हा आकडा सगळा त्यात मिसळलेल्या ऊन-रोधक रसायनावर उभा आहे. नागपूर-चंद्रपूरचं ऊन मे महिन्यात ४५ अंशांपुढे जातं, आणि साधं प्लास्टिक त्यात भाजून ठिसूळ होतं. घेण्याआधी दोन-तीन वर्षं उन्हात राहिलेलं काम बघायला मागा. पट्टी उलटी दुमडा. घडीवर पट्टी तडकली किंवा बोटाला पांढरी भुकटी लागली तर ते रसायन संपत आलं असं समजा. वॉरंटीचा कागदही नीट वाचा. रंग उडणं, पट्टी तुटणं आणि वाऱ्यानं उखडणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरी गोष्ट बऱ्याच जणांना बसवून झाल्यावर कळते. हे गवत सहसा एकट्यानं पाणी अडवत नाही, ते वरचं पांघरूण असतं. खाली टिन किंवा प्लायवुड आणि त्यावर जलरोधक थर लागतोच. ओळखीच्या एकानं होमस्टेवर नुसत्या बांबूच्या कमच्यांवर ते ठोकून घेतलं. बसवणाऱ्यानं हो म्हटलं, यानं विश्वास ठेवला. जुलैत पाहुण्यांच्या गाद्या ओल्या झाल्या. भाव विचारताना खालच्या थरासकट विचारा, नाहीतर तुलना खोटी होते.

देखभाल मात्र खरोखर कमी आहे. वादळानंतर स्क्रू बघायचे, पळस-कडुनिंबाचा पाला अडकला असेल तर काढायचा, धूळ हलक्या पाण्यानं धुवायची. उधई याला सहसा हात लावत नाही. फक्त संपतं तेव्हा एकदम संपतं, तुकड्यानं नवं लावलं तर रंग जुळत नाही.

थंडाव्यात दोघांची बरोबरी नाही. गवताच्या जाड थरात कोंडलेली हवा ऊन अडवते. मेच्या दुपारी आमच्या कोठ्यात म्हशी शांत रवंथ करत असतात. टिनावरच्या प्लास्टिकनं सावली मिळते, पण टिन तापतंच.

आगीचं दोन्हीकडे जपावं लागतं. सुकं गवत ठिणगीनं पेटतं. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं गवतावर डांबरमिश्रित मातीचा न झिजणारा लेप द्यायची रीत काढली आहे, ती उपयोगी आहे. नुसतं रसायन फवारलं तर पावसात धुऊन जातं. आगरोधक प्लास्टिक मिळतं, त्याचं चाचणी प्रमाणपत्र मागा. साधं प्लास्टिक वितळून पेटते थेंब खाली टाकतं.

आणि गुरं असतील तर हेही बघा. जुनं गवत उकिरड्यावर जातं, खत होतं. तुटलेली प्लास्टिकची पट्टी गाय खाते आणि ती तिच्या पोटात राहते.

मग घ्यायचं काय?

वावरातली छपरी, कोठा, स्वतःच्या बसण्या-झोपण्याची जागा असेल आणि घरात वर चढणारा माणूस असेल तर मी डोळे झाकून गवत सांगेन. होमस्टे असेल आणि मालक नागपुरात राहत असेल तर प्लास्टिक घ्यावं, पण पक्क्या थरावर. ढाब्याच्या भट्टीवर मात्र दोन्ही नकोत. तिथे कवेलू घाला.

खऱ्या गवताचं ठरलं तर मार्चात शोधायला निघू नका, तोवर ते गुरांनी खाल्लेलं किंवा वणव्यात गेलेलं असतं. बी झडल्यावर, दिवाळीनंतर ते कापतात. गावाला सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगलातल्या मालावरचा गावाचा हक्क, मिळाला असेल तर ग्रामसभेत आधी विचारा. बांबू स्वतःच्या वावरात लावला असेल तर २०१७ पासून कायद्यानं तो झाड नाही, तोडायची अडचण राहिलेली नाही. शाकारणाऱ्या म्हाताऱ्या काकाजींना पोळ्यालाच शब्द देऊन ठेवा, आणि घरातल्या एका पोराला त्यांच्याबरोबर वर चढवा.