नोव्हाला 2400 चा कन्व्हर्टर बसवला, त्याबद्दल

बाबा एसटीत तीस वर्षं ड्रायव्हर होते. मागच्या उन्हाळ्यात ते आमच्याकडे मिशिगनला आले, तेव्हा मी त्यांना माझ्या 1972 च्या शेव्ही नोव्हातून वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर फिरवायला नेलं. सिग्नल सुटला, मी पाय दिला, इंजिन आधी ओरडलं आणि गाडी मागून निघाली.

"अगं, क्लचप्लेट गेलीय तुझ्या गाडीची."

"बाबा, ऑटोमॅटिक आहे ही. क्लच नसतो हिला."

"मग जे काही असतं ते घसरतंय."

बरोबर होतं त्यांचं. क्लचच्या जागी या गाडीत टॉर्क कन्व्हर्टर असतो, तेलाने भरलेला बंद डबा. इंजिनला जोडलेली पाती तेल फेकतात, गिअरबॉक्सला जोडलेली झेलतात, आणि मधला स्टेटर परतणाऱ्या तेलाला पुन्हा कामाच्या दिशेला वळवतो. गाडी जागच्या जागी अडवून पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दिला की इंजिन ज्या आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्यांच्या) वर जात नाही, तो स्टॉल स्पीड. घाटात हाफ क्लचवर गाडी धरताना इंजिन किती चढू द्यायचं ते आपला पाय ठरवतो. इथे ते डब्याचा व्यास आणि आतल्या पात्यांचा कोन ठरवतो, म्हणून विचार विकत घेण्याआधीच करावा लागतो.

माझं इंजिन 350 घन इंचांचं, गिअरबॉक्स टीएच 350 (तीन गिअरचा ऑटोमॅटिक), मागचा गिअर, म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलचं गुणोत्तर, 3.08, टायर 26 इंची. कंपनीचा मूळ कन्व्हर्टर चांगला होता, पण मी कॅम (इंजिनचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बदलला आणि सिग्नलला त्रास सुरू झाला. न्यूट्रलला 800 आरपीएमवर असलेलं इंजिन ड्राइव्हमध्ये टाकताच साडेपाचशेवर यायचं, सगळी गाडी थरथरायची आणि ब्रेक दाबून धरावा लागायचा. एका कॅटलॉगवाल्याने फोनवर एकच प्रश्न विचारला, "कॅम मोठा आहे ना?" आणि 3000 आरपीएम स्टॉलचा कन्व्हर्टर पाठवला.

सिग्नलचा त्रास गेला, हायवेचा आला. 3.08 च्या गिअरवर ताशी 65 मैलांना माझं इंजिन साधारण 2600 वर असतं. म्हणजे रोजचा सगळा प्रवास स्टॉलच्या खाली. जरा चढ आला, जरा पाय दिला, की टॅकोमीटर 3000 कडे पळायचा आणि वेग तिथेच. घसरण म्हणजे उष्णता, आणि ती सगळी तेलात. गिअरबॉक्सच्या तेलाचा काटा 230 फॅरनहाइटच्या पुढे गेलेला मी स्वतः पाहिला. तेल मोजायची दांडी काढून हुंगली तर करपट वास. याच कन्व्हर्टरवर 3.73 चा गिअर असलेली, म्हणजे त्याच वेगाला इंजिन जास्त फिरवणारी हलकी गाडी सुखाने पळेल. माझी नाही.

दुसरा कन्व्हर्टर मी ऑर्डरीप्रमाणे बनवून देणाऱ्या एका छोट्या दुकानातून घेतला, आणि हे सगळं लिहिते आहे ते त्याच्यासाठी. त्या माणसाने अर्धा तास फोनवर मला प्रश्न विचारले. गाडीचं वजन किती, मागचा गिअर कोणता, टायरची उंची किती, कॅमच्या कार्डावरचे आकडे काय, हायवेवर किती जाता. कार्डावर कॅमची ताकद 1800 आरपीएमपासून लिहिली होती. तो म्हणाला, त्याच्या पाच-सहाशे वर धरू, 2400 पुरे. खोक्यावरच्या आकड्यावर जाऊ नका, हेही त्यानेच समजावलं. तोच डबा जास्त टॉर्कच्या (फिरवायच्या जोराच्या) 454 घन इंची इंजिनामागे लावला तर जास्त वर स्टॉल होतो. आकडा इंजिनसकट असतो, नुसत्या डब्याचा नसतो.

आता ड्राइव्हमध्ये इंजिन 700 वर शांत उभं राहतं. सिग्नलवरून पाय दिला की गाडी लगेच उचलते, आणि 65 ला पाय जरासा दाबला तर काटा थोडाच हलतो. वेगळा ऑइल कूलरही लावला, तेलाचा काटा आता 180 च्या आसपास असतो. बाबा तोवर परत गेले होते. फोनवरून त्यांना आवाज ऐकवला. त्यांनी पुन्हा एकदा लावायला सांगितलं आणि मग म्हणाले, "हां, आता पकडतोय."

तक्रारी आहेत. साडेसहाशे डॉलर लागले, कॅटलॉगवाल्याच्या दुपटीने. तीन आठवडे सांगून पाच लावले. आणि ड्रेन प्लग (तेल काढायचं बूच) आपण मागितल्याशिवाय देत नाहीत, तो ऑर्डर देतानाच सांगा. बसवताना कन्व्हर्टर गिअरबॉक्सच्या तेलपंपात पूर्ण आत गेला की नाही ते हाताने फिरवून, ढकलून तपासा. गिअरबॉक्स इंजिनला जोडल्यावर कन्व्हर्टर आणि फ्लेक्सप्लेट (इंजिनाच्या मागची चकती, जिला कन्व्हर्टर बोल्टने जोडतात) यांच्यामध्ये साधारण 1/8 ते 3/16 इंच फट राहायला हवी. फट नसेल तर बोल्ट आवळून ओढू नका, पंप फुटतो. गिअरबॉक्स पुन्हा खाली काढा.