इंदूरचा दुकानदार गाठायचा कसा: फेरी, व्हॉट्सॲप, गूगल की पेपर?

छापील पिशव्या, डबे, द्रोण असा दुकानदारांना लागणारा माल विकायचाय की वजनकाट्याची, डीप फ्रीझरची दुरुस्ती करायचीय? जाहिरातीवर पैसे घालण्याआधी हे ठरवा. गिऱ्हाइकाला दर महिन्याला लागणाऱ्या वस्तूचा रस्ता वेगळा आणि अडल्यावर आठवणाऱ्या कामाचा वेगळा.

रोजच्या मालाला दुकानोदुकानी फेरी मारण्यासारखं काही नाही. सियागंजात किंवा क्लॉथ मार्केटात झाडलोट, दिवाबत्ती उरकून गर्दी व्हायच्या आत जा. सराफ्यात तर एकाच ओट्यावर दोन गिऱ्हाइकं आहेत. दिवसा सराफाला दागिन्यांच्या डब्या लागतात. रात्री त्याचं शटर पडलं की तिथेच खाण्याची दुकानं लागतात, त्यांना कागदी वाट्या हव्या असतात. एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या प्लेटा-चमच्यांवर १ जुलै २०२२ पासून बंदी आहे, तेव्हा बोलायला विषय आयताच मिळतो. नमुना हातात द्या. ‘भिया, भाव क्या लगाओगे?’ हा प्रश्न लगेच येतो. दर तोंडपाठ नसेल तर पुढचं बोलणं खुंटलंच.

फेरीला माणूस लागतो, पेट्रोल लागतं, आणि पहिल्या खेपेला ऑर्डर क्वचितच निघते. शिवाय ओळख झाली की उधारी आलीच. तुम्ही स्वतः माल बनवत असाल तर उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) करून तो नंबर बिलावर छापा. सूक्ष्म-लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. २०२४-२५ या आकारणी वर्षापासून, मुदत चुकवून पैसे पुढच्या वर्षावर ढकलणाऱ्याला त्या खर्चाची आयकरातली वजावट त्या वर्षी मिळत नाही. दुकानदाराच्या सीएला हे बरोबर माहीत असतं. नुसती खरेदी-विक्री करत असाल तर मात्र या नियमाचा आधार नाही.

व्हॉट्सॲप बिझनेस फुकट आहे म्हणून अनेकजण तिथूनच सुरुवात करतात. पण ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय, त्यालाच ब्रॉडकास्ट (एकदम अनेकांना पाठवलेला मेसेज) पोचतो. म्हणजे आधी फेरी, मग व्हॉट्सॲप. कार्ड देताना समोरच नंबर सेव्ह करून घ्या. नंतर नवा माल आला की फोटो आणि भाव, बस्स. रोज सुप्रभात पाठवणाऱ्याला लोक म्यूट करतात.

दुरुस्तीच्या कामात हिशेब उलटा होतो. ऐन गर्दीत काटा बंद पडला की दुकानदार कार्ड शोधत बसत नाही, मोबाइल काढतो. तिथे गूगलवरचं बिनपैशाचं प्रोफाइल सगळ्यात कामाचं: नेमका व्यवसाय-प्रकार, खऱ्या वेळा, प्रत्येक कामानंतर गिऱ्हाइकाकडून दोन ओळींचा अभिप्राय. पैसे भरून जाहिरात द्यायची तर भाग आखून द्या. शहराबाहेर पीथमपूरला माणूस पाठवणं परवडत नसेल तर ते आधीच वगळा, नाहीतर तिथल्या क्लिकचेही पैसे जातील.

व्यापारी पोर्टलवर एकच चौकशी अनेक विक्रेत्यांकडे जाते आणि भाव पडतो. शहरातल्या शहरात विकायला मी त्यावर खर्च करणार नाही.

पेपरात घातलेली पत्रकं घरी पोचतात, दुकानात नाही. पेपरातली छोटी जाहिरात मी द्यायची ठरवली तर फेरीसाठी मुलगा हवा असेल तेव्हाच. आणि आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत पान जरूर घ्या, पण ते वर्गणीच्या खात्यात लिहा.