सोफियातील एक मेहाना: जेवण चांगले, गप्पा त्याहून खमंग

बल्गेरियाच्या राजधानीतल्या वितोशा रस्त्यालगतच्या गल्लीतली ही मेहाना, म्हणजे पारंपरिक खानपानगृह, भिंतींवरच्या लाल-काळ्या विणकामामुळे पर्यटकांसाठी सजवलेली वाटते. पण संध्याकाळी तेथे स्थानिक मंडळीच अधिक असतात, आणि इंग्रजी बोलणारे शेजारी लाभले, तर बल्गेरियन माणूस आपल्या देशाविषयी एरवी कसा बोलतो हे आपसूक कानावर पडते.

शोप्स्का सॅलड ताजे होते आणि वर किसलेल्या सिरेने चीजमध्ये कंजूषी नव्हती. पांढरे चीज, हिरवी काकडी, लाल टोमॅटो हे आमच्या झेंड्याचे रंग आहेत आणि ही आज्यांच्या काळची पाककृती आहे, असे वाढप्याने अभिमानाने सांगितले. वास्तविक हा पदार्थ विसाव्या शतकाच्या मध्यात बाल्कनतुरिस्त या सरकारी पर्यटनसंस्थेने रूढ केला. तारातोर, म्हणजे दही, काकडी, अक्रोड व शेपूचे गार सूप, हा येथील सर्वोत्तम पदार्थ, आणि तो येताच दह्याच्या जीवाणूला बल्गेरियाचे नाव आहे व तो १९०५ मध्ये स्तामेन ग्रिगोरोव्ह यांनी शोधला, हे शेजारच्या टेबलावरून घरच्या माणसाचे कौतुक करावे तसे ऐकवले गेले. केबाप्चे, म्हणजे खिम्याचे भाजलेले लांबट कबाब, मात्र कोरडे होते.

बिल यायला फार उशीर झाला, तेव्हा त्याच शेजाऱ्यांनी खांदे उडवून ‘नाशा राबोता’, म्हणजे आपला कारभार असाच, असे म्हटले आणि वाढप्याला ‘बाय गान्यो’ ठरवून टाकले. हा अलेको कोन्स्तान्तिनोव्ह या लेखकाने रंगवलेला अडाणी, बेरकी अत्तरविक्या तिथे रोजच्या बोलण्यात शिवीसारखा वापरतात. स्वतःच्या देशाला नावे ठेवण्यात ही मंडळी आपल्याइतकीच तरबेज आहेत, फक्त परक्याने त्यात सूर मिसळू नये. १ जानेवारी २०२६ पासून लेव्ह हे जुने चलन जाऊन युरो आल्याने सगळे महागले, ही तक्रार करता करताच युरोच्या नोटांवर सिरिलिक, म्हणजे बल्गेरियनच्या लिपीतली, अक्षरे आली ती आमच्यामुळे, हेही त्यांनी बजावले. पाचशे वर्षांच्या तुर्की जोखडाबद्दल तावातावाने बोलणारे ‘आयदे’ (चला) हा तुर्कीतूनच आलेला शब्द म्हणत पेला उचलतात आणि ज्या मेहानेत बसतात तिचे नावही तुर्कीतूनच आलेले, आपल्या मयखान्याच्या कुळातले, याचे त्यांना काही वाटत नाही. १९९४ च्या फुटबॉल विश्वचषकात जर्मनीला २-१ ने हरवल्याचा विषय निघाला की मात्र तक्रारी थांबतात.

एकंदरीत जावे असे ठिकाण आहे. शुक्रवारी जागा आधी राखून ठेवावी, रकिया, म्हणजे फळांची कडक दारू, ग्रॅममध्ये मागवावी (५० पुरे होते), आणि वाढप्याने नकारासारखी मान हलवली, तर तो बहुधा होकार असतो हे लक्षात ठेवावे.